अवेळी वाजलेली घंटी

परंड्यात किल्ल्यामागच्या गल्लीत कमलबाईंचं दोन खोल्यांचं घर. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी नांदायला गेली. लेक रणधीर कुर्डुवाडीला गौरीशंकर शेठच्या फरशीच्या दुकानात कामाला. सकाळच्या एसटीनं जायचा, दिवेलागणीला यायचा. दिवसभर घरात कमलबाई आणि त्यांचे देव.

म्हणून एका संध्याकाळी रणधीरनं हातातला खोका खाली ठेवला आणि "आई, तुला सोबत आणलीय बघ," असं म्हटलं, तेव्हा खोक्यात काय आहे हे बघायच्या आधीच कमलबाईंचं मन भरून आलं. लेकाच्या ध्यानात आपण आहोत, एवढंच त्यांना पुष्कळ होतं.

खोक्यात सशाचं पिल्लू होतं, सरकी काढलेल्या कापसासारखं. रणधीरनं ते कान धरून उचललं, तशा कमलबाई कडाडल्या, "आरं मुडद्या, कान उपटतो का त्येचं? तुला कुणी असं उचललं असतं म्हंजी?"

पिल्लू सुटलं ते थेट ज्वारीच्या पिंपामागं. कमलबाईंनी हात घालून ओढायला बघितलं, तर मागचे पाय दाणकन आपटून ते आणखी आत सरकलं. रात्रभर कशाला तोंड लावलं नाही. सकाळी त्यांनाच आपली चूक कळली. नवी सून घरात आली की तिला कुणी पहिल्याच दिवशी ओढून चुलीपुढं बसवतं का? त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा पिंपाजवळ अंथरला, वाळलं गवत टाकलं, पाण्याची ताटली ठेवली आणि पिंपाकडं पाठ करून तूरडाळ निवडत बसल्या. तोंडानं देवाचं नाव, हातानं डाळ. वळून बघायचं नाही, हाक मारायची नाही.

पहिल्यांदा ते बाहेर आलं ते देवपूजेच्या वेळेला. कमलबाईंनी गणपतीच्या कालच्या दुर्वा उतरवून खाली ठेवल्या होत्या आणि नव्या वाहून घंटी वाजवत होत्या. बघतात तर पाटाशेजारी एक गुलाबी नाक हलतंय, आणि उतरलेल्या दुर्वा भराभरा आत चालल्यात. क्षणभर त्यांच्या मनात आलं, हे चालतं का? मग त्याच हसल्या. "खा बाबा. देवाचं घेऊन झालंय."

तेव्हापासून रोज घंटी वाजली की ते यायचं. त्यांनी त्याचं नाव कापश्या ठेवलं. पुढं पुढं ते पूजा संपेपर्यंत त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून बसायला लागलं, आणि कपाळावरून बोट फिरवलं की दात बारीक कुरकुर वाजवायचं. रणधीर मोबाइलवर त्याचे फोटो काढायचा. "आई, लई माणसाळलं गं," असं पुन्हा पुन्हा म्हणायचा. कमलबाईंना वाटायचं, पोराला कौतुक आहे.

एका दुपारी त्या गिरणीतून दळण घेऊन येत होत्या. गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि थबकल्या. आपल्याच घरातली घंटी वाजत होती. भर दुपारी कोण पूजा करतंय? पावलं उचलून त्या आत शिरल्या. रणधीर देवापुढं उभा होता. एका हातात घंटी, दुसऱ्या हातानं टोपलीचं झाकण दाबून धरलेलं. पाटापाशी दुर्वा सांडल्या होत्या. टोपलीत पाय आपटल्याचा आवाज येत होता.

"शेठची गाडी उभी हाय बाहेर," तो खाली बघत म्हणाला. "त्येंच्या शिवांजलीसाठी न्यायचंय."

"कधी ठरलं?"

"आणलं तवाच. पोरगी ल्हान हाय, पिल्लू बुजरं. शेठ म्हनले, माणसाळलं की आण. तुझ्या हाताला गुण हाय म्हनून..."

"म्हंजी सोबत न्हवती."

"आई, आता गाडी थांबलीय..."

"आन घंटी?"

"दुसऱ्या कशानं येत न्हवतं ते."

तो गेला. कमलबाईंनी दळणाचा डबा खाली ठेवला, घंटी उचलून जागेवर ठेवली आणि दुर्वा एकेक करून वेचल्या. लेकानं आपल्याला फसवलं, ते एकवेळ पोटात घातलं असतं. पण त्या मुक्या जिवाला त्यानं फसवलं ते आपल्या देवाच्या आवाजानं, हे त्यांना गिळवेना.

दुसऱ्या दिवशी रणधीर लवकर आला, तो फोन कानाला लावूनच. "आई, ते पलंगाखाली बसलंय. कालपासून काय खात न्हाय. शेठच्या घरच्या वहिनी म्हनतेत, फोनवर जरा घंटी वाजव, म्हंजी येईल बाहेर."

कमलबाई जागच्या हलल्या नाहीत. पिल्लू असंच उपाशी राहिलं तर मरेल, हे त्यांना माहीत होतं. रणधीरनं फोन पुढं केला. पलीकडून रडका आवाज आला, "आजी, ते माझ्याकडं येतच न्हाय."

पोरीचा काय दोष? कमलबाईंनी फोन घेतला.

"बाळ, आधी समद्यांना खोलीबाहेर काढ. पलंगाखाली हात घालू नको. गवत ठेव, पाणी ठेव, आन तू त्येच्याकडं पाठ करून तुझा अभ्यास करत बस. बघू नको. त्येला येऊ वाटंल तवा येईल."

"आन घंटी वाजवता ना?"

"न्हाय. घंटीवर इस्वास ठिवला म्हनून तर ते टोपलीत गेलं. आता घंटी ऐकली तर आणखी भिईल. म्या त्येचं अंथरूण पाठवते, ते त्येच्याजवळ सरकव."

पिंपाजवळचा लुगड्याचा तुकडा त्यांनी न धुता पिशवीत घातला आणि सकाळी रणधीरच्या हातात दिला. "आई, तू वाचिवलंस मला," तो म्हणाला.

"तुला न्हाय," कमलबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यानं दारातूनच सांगितलं, खाल्लं म्हणून. पोरीच्या हातची काडी घेतली. कमलबाईंनी "बरं झालं" म्हणून देवापुढं हात जोडले. खरंच बरं वाटलं, आणि तेवढंच आत कुठंतरी चिरत गेलं.

हल्ली सकाळी त्या दुर्वा वाहतात, दिवा लावतात, उदबत्ती ओवाळतात. रणधीरनं एकदा चपला घालता घालता विचारलं, "आई, घंटी न्हाय वाजवली?"

"देवाला ऐकू येतंय," त्या म्हणाल्या आणि वळूनही बघितलं नाही.