बाईंची पकड

जुन्या जालन्यातल्या माझ्या व्हिडिओच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक बाई आल्या होत्या. बाहेरची हार्ड डिस्क जोडली की कॉम्प्युटर हँग व्हायचा, आणि एका लग्नाचं सगळं शूटिंग त्याच डिस्कवर होतं. बाईंनी पदर खोचला. एका वेळी एकच गोष्ट बदलत गेल्या. शेवटी डिस्कची वायर बदलली आणि शूटिंग कॉम्प्युटरवर उतरलं. मी हुश्श केलं, तर त्यांनी जुनी वायर परत लावली! कॉम्प्युटर पुन्हा हँग.

"चालू झाल्तं ना, मंग कशाला छेडता?" मी चिडलोच.

"आता पक्कं झालं, भाऊ. वायरच खराब हाय."

ती खराब वायर ठेवायला मी ड्रॉवर उघडला. बाईंनी पकडीनं तिचे दोन तुकडे केले.

"ठेवली की घाईत तुमीच लावताल."

ड्रॉवरात तसल्या बऱ्याच वायरी होत्या. बाईंनी पकड काही खाली ठेवली नाही.