आत्याच्या पात्यांसाठी जळकोटला

"पात्यांचं जमलं तर जमलं, न्हाय तर गुरुवारी शेरडं बाजारात नेते," आत्यानं फोनवर जाहीर केलं आणि माझा परंड्याचा किल्ला पाहायचा बेत बारगळला. पुण्याहून निघाले ती थेट लोहाऱ्याला, आत्याकडे.

आत्याच्या नऊ शेळ्या आहेत. खांदा धरल्यापासून तिला हातानं कडबा तोडवत नाही, सगळी भिस्त जुन्या कडबाकुट्टी यंत्रावर. त्याची पाती झिजली आणि बाजारातल्या पात्यांची भोकं त्याच्या चाकाशी जुळेनात. मागच्या जोडीला गॅसनं भोकं पाडून घेतली, तर उष्णतेनं पोलाद मऊ पडलं, धार आठवडाभरही टिकली नाही. दुकानात आता एकच जोडी उरली होती, ती आत्यानं आणून ठेवलेली. पाण्याच्या झोतानं कापलं तर पोलाद तापत नाही, हे ज्ञान मी पाजळलेलं. चुकलं असतं तर शिव्या मलाच.

लोहाऱ्याहून शेअर जीप मिळते, मध्ये एकदा बदलावी लागते. जळकोटला उतरून आधी गरम भजी खा, मग हायवेच्या कडेनं दहा मिनिटं चाला, की पाण्याच्या झोतानं कापणारं वर्कशॉप येतं. दर धातूची जाडी आणि कापाची लांबी पाहून ठरतो, तेव्हा फोनवर विचारूनच जा.

"पाण्यानं लोखंड कापतं व्हय? मग माझी घागर कशी टिकली इतकी वर्सं?" आत्यानं वर्कशॉपच्या दारातूनच विचारलं.

मशीन चालवणारी सुजाता हसली. परंड्याची, आयटीआय शिकलेली. "मावशी, पंप पाण्याला दाबून केसाएवढ्या छिद्रातनं सोडतो. पाणी वेग देतं, त्यात मिसळलेली लाल वाळू कापते. उष्णता पाण्याबरोबरच वाहून जाते."

नमुना म्हणून आणलेलं जुनं पातं तिनं उजेडात धरलं. "ही भोकं घासून लांबट झालीत. हीच नक्कल केली तर नवं पातंबी हलंल. बोल्ट आणलाय का?"

माझं तोंड उतरलं. आत्यानं मात्र शांतपणे पदराची गाठ सोडली. आत चारही बोल्ट!

सुजातानं मापं घेऊन कॉम्प्युटरवर आकृती काढली, पण नवी पाती मशीनवर लगेच लावली नाहीत. आधी भंगारातल्या पत्र्यावर भोक पाडलं, त्यात बोल्ट घालून पाहिला, किंचित सुधारणा करून पुन्हा पाडलं. इतक्या घाईच्या जगात आत्याच्या दोन पात्यांसाठी कुणी एवढं थांबतंय, हे पाहून मला भरून आलं. मग कानठळ्या बसवणारा आवाज झाला. झोत जेमतेम दिसत होता, खालच्या टाकीतलं पाणी मात्र खळखळत होतं. पातं बाहेर आलं तसा आत्यानं सरळ भोकाच्या कापलेल्या कडेवर हात ठेवला. मी ओरडलेच.

"गार हाय की गं!" आत्या म्हणाली. तिनं सुजाताचा ओला हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुण्यात माझ्या टेबलावर आता त्या भोकातून निघालेली पोलादाची एक चकती आहे. किल्ला हुकल्याची हळहळ म्हणाल तर अजिबात नाही. गुरुवारी मात्र धाकधूक होती, म्हणून दुपारीच फोन लावला.

"व्यापारी आला हुता दारात," आत्या म्हणाली. "च्या पाजला अन् लावून दिला. त्या पोरीला सांग, धार हाय तशी हाय. शेरडंबी हायत तशीच."