वाडीच्या जावयाची सही

आमचा साडू डॉक्टर हाय. डॉक्टर जोतीराम खोराटे. औषधाचा न्हवं, राज्यशास्त्राचा. हे आधीच सांगितल्यालं बरं. एकदा एसटीत एका म्हातारीला चक्कर आली, कंडक्टर वरडला, "कोण डॉक्टर हाय का गाडीत?" तर ह्यो गडी उठून हुभा ऱ्हायला आणि आपली ओळख करून द्याय लागला. म्हातारी आपली आपणच सावरली म्हणून वाचली.

मी कसबा बावड्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. थोरली आक्का त्याला दिली, धाकटी वर्षाराणी मला. आक्का नवऱ्याला 'सर' म्हणती. घरात! "सर, आंघोळीचं पाणी काढलंय." पहिल्यांदा ऐकलं तवा मला हसू फुटलं, मग तिची कीव आली, आता नुसता राग येतो.

साडूचा अभ्यासाचा विषय म्हंजे 'कार्यकारी सत्ता आणि शालेय शिक्षण'. लग्नात, बारशात, बाराव्याच्या जेवणात, जिथं गाठ पडंल तिथं त्यो समजून घ्यावाच लागतो. आता आमच्या दुकानातल्या कुत्र्याला बी पाठ झाला असंल. म्हंजे कसं, की लोकं मतं देऊन माणसं निवडत्यात, ती माणसं सभागृहात बोलत्यात, भांडत्यात. पर शाळांचं खरं काय हुतं ते वरच्या खोलीत ठरतं. गावाला इचारायचं न्हाय, आईबापाला इचारायचं न्हाय. साहेबाची एक सही झाली की शाळा बंद. ह्या एका सहीवर गड्यानं पीएचडी केली, पुस्तकं लिवली, कॉलेजात विभागप्रमुख झाला, विमानानं परदेशात जाऊन भाषण करून आला. आणि खरं सांगू का, त्याचं म्हणणं बरोबरच हुतं. तेच तर डोक्यात जातंय.

बरं, हे ज्ञान त्याला घावलं कुठं? सासरवाडीत. आमची सासरवाडी राधानगरीच्या वरच्या अंगाला, जंगलाला खेटून बारकी वाडी हाय. आक्काचं नवीन लग्न झाल्यालं, जावई दिवाळसणाला आलता. नेमकं त्याच टायमाला पोरं कमी म्हणून वाडीची शाळा बंद करायचा हुकूम निघालता. शाळंला जागा दिल्याली आमच्या सासऱ्यांनी, आण्णांनी. त्यांनी सगळी पोरं गोळा केली, पाट्या-दप्तरं घेऊन तालुक्याला नेली आणि कचेरीच्या पायरीवरच शाळा भरवली. साहेबाला आत जायाचं म्हणलं तरी पाढं म्हणणाऱ्या पोरांतनं वाट काढत जावं लागायचं. शेवटी साहेबच कावला आणि त्यानं हुकूम मागं घेतला. त्या सगळ्या धामधुमीत आमचा साडू काय करत हुता? समोरच्या झाडाखाली बसून सासूनं बांधून दिल्याला दहीभात खात हुता. त्याला त्यो 'निरीक्षण' म्हणतो.

त्या दहीभाताची पीएचडी झाली. पुस्तकात वाडीवर एक अख्खं प्रकरण हाय. आण्णांचा फेट्यातला फोटू परदेशात पडद्यावर दावला. बिचारं आण्णा सबंध हयातीत बेळगावच्या फुडं गेलं न्हाईत, फोटू मातर विमानानं हिंडून आला. वाडीच्या लोकास्नी कोण कौतुक! पुस्तकातलं एक वाक्य त्यांनी शाळंच्या भिंतीवर रंगवून घेतलं : 'शाळा बंद करायला एक सही पुरते, उभी करायला सगळं गाव लागतं.' खाली त्याचं नाव, आणि नावाखाली 'वाडीचे जावई'. आण्णा गेलं, पर दर वर्षी पावसाळा सरला की माणसं ती अक्षरं परत रंगवत्यात.

वय झालं तसा साडूला कुलगुरू व्हायचा नाद लागला. मग त्याची भाषा फिरली. "बाहेर राहून टीका करणं सोपं असतं. सत्तेच्या आत बसून सुधारणा करावी लागते." माणूस असं बोलाय लागला की समजायचं, कुणीतरी खुर्ची दावलीया. आणि तसंच झालं. कमी पोरांच्या शाळांचं काय करायचं ते ठरवायला वरनं एक समिती नेमली, त्यात ह्याला घेतलं. तज्ज्ञ सदस्य!

वाडीला वाटलं, आपला जावईच बसलाय म्हणल्यावर आपली शाळा आता कोण हलवतंय? गेल्या हिवाळ्यात त्यांनी सत्कार ठेवला. हलगी लावली, फाट्यापास्नं मिरवत आणलं, फेटा बांधला, शाल घातली, त्याच भिंतीपुढं खुर्ची मांडून बसवलं. माझा मेव्हणा सम्राट नुसता नाचत हुता. त्याची लेक मोना तिसरीत. ती आणि अजून मूठभर पोरं त्या शाळंत. शाळा गेली तर पोरांनी खालच्या गावात जायाचं. मधी वढा, जळवांचं जंगल, आणि वाटंत गवं हुभं असत्यात. पावसाळ्यात तर मोठी माणसं बी ती वाट धरत न्हाईत. हे त्या खुर्चीवरच्या माणसाला चांगलं ठावं हुतं, पुस्तकात त्यानंच लिवलंय. साडू बोलाय उठला. म्हणला, "ही शाळा म्हणजे माझा श्वास आहे." बाया-माणसांनी डोळ्याला पदर लावला. मला बी वाटलं, असू दे, कायतरी करंल बाबा.

परत येताना मीच गाडी चालवत हुतो. बायका मागं झोपल्यात म्हणून मी बारीक आवाजात इचारलं, "साडू, मग शाळा टिकतीया न्हवं?"

"अवघड आहे," त्यो फेटा सारखा करत म्हणला. "पट कमी आहे. व्यवहार्य नाही. खालच्या शाळेत विलीन होणार."

"कवा ठरलं हे?"

"अहवाल गेला वर. मागच्या आठवड्यातच सही केली मी."

मी गाडी कडंला घेतली. "मागच्या आठवड्यात? आणि आज हलगी वाजवून घेतलीसा? फेटा बांधून घेतलासा? तिथं का बोलला न्हाईसा?"

"वातावरण बिघडलं असतं. आणि मला कुणी विचारलंच नाही."

हॅत् तुझ्या! खरंच कुणी इचारलं न्हवतं. पर का न्हवतं इचारलं? जावयाला काय इचारायची पद्धत न्हाय आमच्यात. जावयाला वाढायचं, त्याला पाट द्यायचा, त्याचं मन राखायचं. घरातल्या पोरीचं सुख त्याच्या हातात असतंय म्हणून त्याच्यापुढं सासरवाडी कायम खाली मान घालून असती. आणि ह्या विद्वानानं त्या खाली घातल्याल्या मानंचा फायदा घेतला. अरं, साहेबानं सही केली तर केली, त्याचं तोंड बी आमी बघितल्यालं नसतंय. तू तर तिथला दहीभात खाल्ल्याला माणूस.

मी दुसऱ्याच दिवशी सम्राटला फोन लावला. सगळं सांगितलं, म्हणलं अजून टाइम हाय, आण्णांनी केलं तसं पोरं घेऊन जावा कचेरीवर. सम्राटनं ऐकून घेतलं. मग म्हणला, "दाजी, रागाला जाऊ नका, पर साडूसाडूचं कधी जमतंय व्हय? त्यांचा सत्कार केला, तुमचा न्हाय केला, म्हणून तुमी असं बोलताय." घ्या आता! मी फोन ठेवला. वाडीच्या माणसांनी भिंतीवरल्या अक्षरांवर इश्वास ठेवला आणि स्वस्थ बसली.

उन्हाळ्यात हुकूम आला. शाळंच्या बाईंची बदली झाली. सम्राटचा फोन आला, "दाजी, तुमी म्हणत हुता तेच झालं," म्हणला. त्यानं मोनाला खालच्या शाळंत धाडायचं न्हाय ठरवलं. मी म्हणलं, आमच्यात आणून सोड, बावड्यात शाळंत घालतो.

त्यातच अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावई म्हंजे नारायण. त्याला बोलवायचं, पाय धुवायचं, पुरणाचं धोंडं करून घालायचं आणि ताटात दिवा लावून वाण द्यायचं. ते वाण जावयानं नको म्हणायचं नसतंय. मला वाटलं हुतं, आमची सासू चिमणाबाई ह्या खेपंला थोरल्या जावयाला बोलवायची न्हाय. तर तिनं आधी त्यालाच फोन केला. आणि त्यो आला की! इस्त्रीची कापडं घालून, त्या भिंतीपुढनं, आपल्याच नावापुढनं चालत आला. मान वर करून बघितलं बी न्हाय.

सासूनं दोघांचं पाय धुतलं. माझं धुताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवणं झाली. मग वाण. मला ताटात अनारसं, वर दिवा. साडूला बी अनारसं, वर दिवा, आणि दिव्याशेजारी एक किल्ली.

ती शाळंची किल्ली. आण्णांनी जागा दिली तवापास्नं आमच्या सासूकडंच असायची. शाळंला घर खेटून. बाई सकाळी किल्ली घ्यायच्या, सांजच्याला ठेवून जायाच्या. मोना जरा मोठी झाली तशी शाळा उघडायचा मान तिचा. बाई फाट्यावर दिसल्या की पोरगी किल्ली घेऊन पळत सुटायची.

"हे काय, सासूबाई?" साडू म्हणला.

"किल्ली हाय, पावणं. सरकारची वस्तू. आता सरकार म्हंजे तुमीच की. न्या."

"हे बघा, हा सामूहिक निर्णय असतो. समितीत मी एकटा नसतो..."

"व्हय की. आमी काय इचारलं व्हय तुमास्नी?"

बास. एवढंच बोलली. आवाज चढला न्हाय, डोळ्याला पाणी न्हाय. दारात मोना हुभी हुती, तिची नजर त्या किल्लीवरनं हलंना. आक्का खाली मान घालून बसली हुती, तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी ह्यो उठंल, सासूच्या पायावर डोकं ठेवंल, कायतरी करंल. त्यानं किल्ली उचलली, झब्ब्याच्या खिशात टाकली. आणि म्हणला, "अजून एक धोंडा असेल तर बघा. तूप थोडं जास्त." असला निगरगट्ट माणूस मी जन्मात बघितला न्हाय.

मोना आमच्यात आली, आत्या-मामाकडं. शाळंत जाती, अभ्यास करती, पर पोरगी मुकी झाल्यासारखी ऱ्हाती. घरातल्या कुलपाच्या किल्ल्या हातात घिऊन बघत बसती. तिकडं सासूचं घर सुनं पडलं.

श्रावणात साडूचा गौरव समारंभ झाला, कोल्हापुरात, मोठ्या हॉलात. आक्काचं मन मोडू नये म्हणून वर्षाराणीनं मला वढून नेलं. मोना बी संगं. स्टेजवर मागं साडूच्या फोटूचं एवढं मोठं डिजिटल बॅनर लावल्यालं, हात बांधून, गॉगल न घातल्यालं हेच नशीब. भाषणाचा विषय, आता काय सांगायचं, कार्यकारी सत्ता आणि वंचितांचं शिक्षण.

बोलता बोलता त्यानं खिशात हात घातला आणि ती किल्ली काढून टेबलावरच्या लाल कापडावर ठेवली. 

"ही एका बंद पडलेल्या शाळेची किल्ली. एका वृद्ध मातेनं अश्रुपूर्ण नयनांनी ती माझ्या हाती सोपवली. तेव्हा मला उमगलं, मित्रहो, की कार्यकारी सत्तेला चेहरा नसतो."

अश्रुपूर्ण! माझी सासू रडली न्हवती रं भाड्या, तिनं तुला हाणलं हुतं आणि तुला लागलं बी न्हाय. पुढल्या रांगंतल्या एका बाईनं रुमाल काढला. माझ्या शेजारी मोना ताठ झाली. "आण्णांची शाळा," एवढंच पुटपुटली आणि माझी बाही धरली.

माझं डोस्कं सटाकलं. मी उठलो, सरळ स्टेजवर गेलो. माईक तिथंच हुता.

"चेहरा नसतो कसा, साडू? हाय की. मागं बघा, केवढा मोठा लावलाय."

टेबलावरची किल्ली उचलली आणि खाली उतरलो. मला वाटलं, आता गोंधळ हुतोय, धरत्यात मला. कशाचं काय! एक जण टाळी वाजवाय लागला, मग सगळा हॉल. त्यास्नी वाटलं, कार्यक्रमातच बसवलंय. कोण म्हणलं, "वा! प्रभावी सादरीकरण." आणि मागं वळून बघतो तर आमचा साडू बी हसत टाळ्या वाजवत हुता. एक आक्काच तेवढी हात मांडीवर ठेवून बसली हुती.

मोनाला घिऊन भाईर आलो. पायरीवर बसलो आणि किल्ली तिच्या हातात दिली. पोरीनं ती झग्याला पुसली, उलटी-पालटी करून बघितली. लई दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं.

"मामा, मग आता बाई परत येणार?"

आत अजून टाळ्या चालूच हुत्या.