हितलंच कोर्ट पाहिजे

सोलापुरात वकिली करून पैसा किती साठला ते विचारू नका, किस्से मात्र कपाटात मावत नाहीत! कुठला दावा कुठल्या कोर्टात चालवायचा, हे कायद्यानं ठरवून दिलंय. पण आमच्या पक्षकारांना पटायला हवं ना!

*

होटगीकडच्या एका अप्पांच्या मक्यात शेजाऱ्याची शेळी शिरली. शेत नेमकं दोन तालुक्यांच्या हद्दीवर. मी विचारलं, "अप्पा, शेळी कुठल्या तालुक्यात चरली? त्यावर कोर्ट ठरतं."

अप्पा विचारात पडले. "मॅडम, तोंड आमच्या तालुक्यात व्हतं. बाकीची शेळी तिकडं!"

*

जुळे सोलापूरचे एक रिटायर्ड साहेब. म्हणे, "दाव्याची किंमत वाढवून लावा. बारक्या कोर्टात चालवला तर पाहुण्यांत काय सांगू?"

"लावते की. कोर्ट फीचा स्टॅम्पही वाढेल."

साहेबांनी काढलेलं पाकीट परत खिशात घातलं. मग म्हणाले, "बारकं कोर्टसुद्धा सरकारीच असतं म्हणा!"

*

एका आक्कांना अपील समजावत होते. "हितं हरलो तर?" "जिल्हा कोर्ट." "तितं?" "हायकोर्ट. मग सुप्रीम कोर्ट."

"आन् तितंबी हरलो, तर परत हितनं सुरू करायचं व्हय?"

आक्कांची तयारी होती हो! मीच फाईल मिटली.

*

आणि हे दोघं. थोरले मल्लप्पा, धाकटे शिवप्पा, सख्खे भाऊ. बांधावरनं कोर्टात आलेले. धाकटे माझे पक्षकार. दोघांची पोरं इतकी तापलेली, की गावात भाऊ भावाशी बोलताना दिसला तरी घरात आकांडतांडव.

तारखेला मात्र दोघं एकाच एसटीनं येतात. थोरले रुमाल टाकून धाकट्याची जागा धरतात. दुपारी कॅन्टीनला एका प्लेटीत भजी! मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, निदान माझ्यासमोर तरी भांडा!"

मग त्यांच्या तालुक्याला नवं कोर्ट मंजूर झालं. तिकडचे सगळे दावे तिकडं जाणार. यांच्या गावापासून तर चालत जाण्याइतकं जवळ. मला वाटलं, आता पेढे येतील. तर दोघं माझ्याकडं आले आणि अर्ज करायला लावला, दावा सोलापुरातच ठेवा म्हणून. इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत!

जिल्हा न्यायाधीश वैतागले. "अहो, कोर्ट तुमच्या दारात आलंय. अडचण काय आहे?"

थोरल्यांनी धाकट्याकडं बघितलं. धाकटे हळूच म्हणाले, "साहेब, तितं पोरं संगं येणार. हितं आमी दोगंच येतो की."