गल्लीच्या तोंडाशी बसलेले विलायती सर

विलायती सरांना गंगाखेडहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ होत्या. परभणीची पॅसेंजर, परळीची पॅसेंजर, पालमची एसटी, नांदेडला जायचं तर कुठे बदलायचं, कुठली गाडी हमखास उशिरा येते, सगळं. स्टँडवर जाऊन विचारण्यापेक्षा लोक सरांना विचारत. एवढं असून सर स्वतः कुठल्या गाडीत बसलेले मी पाहिले नाहीत. मी एकदा चेष्टेने म्हणालो, "सर, तुम्हाला रेल्वेत नोकरी मिळायला हवी होती." ते हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, जाणं नसलं तरी रस्ता माहीत असावा."

सर यहुदी होते. व्हिएन्नात चित्रकला शिकलेले. तिकडे यहुद्यांवर आफत आली तेव्हा ऐन पंचविशीत बोटीने मुंबईला उतरले आणि तिथून हैदराबादेत एका नवाबाच्या पदरी लागले. नवाबाच्या खानदानातल्या झाडून सगळ्यांची तैलचित्रं त्यांनी काढली. पुढे निजामाचं राज्य गेलं, नवाबाचा दिवाणखाना मोडला, आणि कुणाच्या तरी शब्दावर सर आमच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक म्हणून आले. त्यांचं खरं नाव आम्हाला धड उच्चारता येत नसे, म्हणून ते विलायती सर झाले. त्यांची मराठी दखनीत भिजलेली होती. मी विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा ते खरं तर निवृत्त झालेले होते, पण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या मुलांचा वर्ग त्यांनी सोडला नव्हता आणि शाळेनेही सोडवला नव्हता.

त्यांच्या वर्गात रबराला बंदी होती. रेष चुकली तर चुकू दे, तिच्या शेजारी दुसरी काढ, पहिली पुसायची नाही. मुलांच्या कागदांवर त्यामुळे रेषांचा नुसता गुंता व्हायचा आणि परीक्षक मार्क कापायचे. मी हुज्जत घालायचो. ते म्हणायचे, "पुसलं की पोराला वाटतं, चुकलंच नव्हतं." वस्तुचित्रासाठी ते टेबलावर तांब्या, वांगी आणि पेरू मांडायचे. चित्र पुरं व्हायच्या आत पोरं पेरू पळवायची. सर रागवायचे नाहीत. उरलं असेल ते काढा म्हणायचे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेली बरीच चित्रं नुसत्या तांब्या-वांग्यांची आहेत.

माणसाचं चित्र काढलं की सर त्याचं नाव विचारायचे आणि खाली लिहायचे. रोजच्या ओळखीचा माणूस असला तरी विचारायचे. रॉकेलवाला, शाळेचा शिपाई, पाण्याला आलेल्या बायका, सगळ्यांना. माझी बायको सुमन एकदा म्हणाली, "सर, मला तर वळखता की." तेव्हा ते म्हणाले, "मी ओळखतो बाई. कागद नाही ओळखत." त्यांनी तिकडे व्हिएन्नात काढलेल्या चित्रांतली माणसं कोण होती हे सांगायला आता कुणी उरलं नाही, हे मला नंतर कळलं.

अठ्ठ्याहत्तर साली विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या कडेला, आत जायला एकच गल्ली. आसपासच्या गावांतून रोज बातम्या येत होत्या. इथे घरं जाळली, तिथे विहिरीवर पाणी बंद केलं, अमक्या गावची माणसं लेकराबाळांसह रानात बसली आहेत. एसटी बंद पडत होत्या, पुन्हा सुरू होत होत्या. सुमनला आठवा महिना लागला होता. बाजारात रोज बोलणारे लोक आमच्याशी बोलायचे, पण नजर दुसरीकडे ठेवून. मी वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवायचो आणि कान रस्त्याकडे असायचे.

अशात एका दुपारी सर छत्री घेऊन आमच्या घरी आले. चहा नको म्हणाले. बसलेसुद्धा नाहीत. "मास्तर, पॅसेंजर चालू हाय. मधे कुठं थांबली तरी उतरायचं नाही. सीधे परभणी, तिथून बाईंना माहेरी नांदेडला. सामान घेऊ नका, सामान बघून लोक विचारतात."

मी म्हणालो, "सर, शाळा चालू आहे. पुढच्या आठवड्यात बघतो."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले. "माझी बहीण हेच बोलली. पोराची परीक्षा होऊ दे, मग निघू. पुढच्या आठवड्यात निघू म्हणणारे सगळे हुशार लोक होते, मास्तर. मी हुशार नव्हतो. मी निघालो."

बहिणीचं पुढे काय झालं हे विचारायची गरज नव्हती. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, हेही खरं. घाबरायला मला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. रोज सकाळी मी मनातल्या मनात पिशवी भरत होतो आणि संध्याकाळी रिकामी करत होतो. मी सुमनकडे पाहिलं. ती म्हणाली असती तर मी त्याच गाडीने निघालो असतो.

सुमन चुलीपाशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "सर, एक इचारू? तुमच्या बहिनीच्या दाराशी त्या टायमाला कुनी हुतं का? शेजारी, वळखीचं, कुनी बी?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "सगळ्यांनी खिडकीचे पडदे ओढले."

"मग गाडीचं काय घेऊन बसलाव," सुमन म्हणाली. "आमी न्हाई जानार. आमचं घर हाय हे. गेलं तर आमच्या मागं जाळतील, आन् आल्यावर म्हनतील, तुमचं हितं काय हुतं?"

सर छत्री उघडून निघून गेले. मला वाटलं, दुखावले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर गल्लीच्या तोंडाशी, भिंतीला पाठ लावून, सर स्टुलावर बसलेले. मांडीवर फळी, फळीवर कागद. हातपंपावरच्या बायकांची चित्रं काढत होते.

मी म्हणालो, "सर, हे काय?"

"चित्र," ते म्हणाले. "वर्ग दुपारी हाय."

तेव्हापासून ते रोज बसू लागले. गोरा म्हातारा आमच्या गल्लीत बसून चित्रं काढतो, हा गावाला मोठाच तमाशा होता. ज्यांनी आमच्या गल्लीत कधी पाऊल टाकलं नव्हतं ते बाजारातले लोक सायकल टेकवून बघायला येऊ लागले. त्यांचीही चित्रं निघायची, खाली नावं लिहिली जायची. पण सर शूर माणूस होते असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. सायकलची घंटी वाजली तरी ते दचकायचे. त्या दिवसांतली त्यांची एकही रेष सरळ नाही. त्यांच्या एलिमेंटरीच्या पोरांनी त्याहून बरं काढलं असतं.

एका रविवारी दुपारी पोरांचं टोळकं आलं. तोंडाला रुमाल बांधलेले, एकाच्या हातात डबा. मी घराच्या दारात उभा होतो, तिथेच राहिलो. टोळकं सरांपाशी थांबलं. सरांनी चष्मा वर केला, त्यांच्यातल्या एकाला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "तू माझ्या वर्गात होतास. अजून डावा खांदा पाडून उभा राहतोस. सीधा उभा राहा. हलू नकोस."

तो पोरगा उभा राहिला. का राहिला, त्यालाही सांगता आलं नसतं. सर काढत राहिले. बाकीचे आधी हसले, मग कंटाळले, मग एकमेकांकडे बघू लागले. चित्र झालं. सरांनी विचारलं, "नाव?"

"तुमाला म्हाईत हाय की, सर," पोरगा म्हणाला.

"तू सांग."

त्याने हळूच सांगितलं. सरांनी ते लिहिलं आणि कागद त्याच्याकडे वळवला. थोड्या वेळाने टोळकं आलं तसं गेलं. डब्यात रॉकेल होतं की पाणी, मला माहीत नाही. ते जाळायला आले होते की नुसते भिववायला, तेही माहीत नाही. तेवढ्यात मोठ्या रस्त्याने पोलिसांची जीप गेली होती, म्हणूनही गेले असतील. वस्तीत आजही लोक सगळं श्रेय सरांना देतात. मी विज्ञानाचा माणूस, मी देत नाही. आमची गल्ली राहिली एवढंच मला माहीत आहे.

टोळकं गेल्यावर सरांना स्टुलावरून उठता येईना. मी आणि सुमनने धरून त्यांना घरात आणलं. सुमनने साखरेचं पाणी दिलं. ते म्हणाले, "बाई, मी फार घाबरलो."

"मग आमी काय मजेत हाव का?" सुमन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मुलगी आमच्या घरातच झाली. नामांतराचा प्रश्न मात्र पुढे वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. मोर्चा निघाला, कुणाचं भाषण झालं, पेपरात काही छापून आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सर गल्लीच्या तोंडाशी हजर असायचे. आम्ही कधी बोलावलं नाही. तिकडच्या आफतीतून वाचलेल्या एका लांबच्या नातेवाइकाने त्यांना इस्रायलला बोलावलं होतं. मी अनेकदा विषय काढला. तिथे तुमची माणसं आहेत, दवाखाने चांगले आहेत. "बघतो," सर म्हणायचे. "पुढच्या आठवड्यात." आणि माझ्याकडे पाहून चक्क हसायचे.

विद्यापीठाला नवं नाव मिळालं तेव्हा सर नव्हते. त्याआधीच एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन ते गेले. जाण्याआधी सुमनला एवढंच म्हणाले होते की मला जाळू नका. त्यामागचं कारण तिला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या वस्तीची माती देण्याची जागा गोदावरीच्या काठाला आहे, तिथे खड्डा खणला. वस्ती सगळी आली होती, बाजारातलेही बरेच होते. प्रार्थना कुणालाच येत नव्हती. आम्ही आमची वंदना म्हटली. मग खणणाऱ्याने विचारलं, यांच्यात तोंड कुठल्या दिशेला करतात?

सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण मी शिकलेला. जेरुसलेम इथून साधारण वायव्येला येईल, असा हिशोब मी मनात करू लागलो होतो. सुमन थांबली नाही. पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, "आपल्या गल्लीकडं करा. त्यांची मानसं हितं हायेत."