दादाने निवडलेली रील

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही. आणि ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं, त्याच्यापाशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही – म्हणून असेल कदाचित, तुमच्यापुढे तोंड उघडतं आहे.

गोष्ट मासे धरायच्या एका रीलची आहे. हसाल. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाचा समुद्राशी काय संबंध? आमचं गाव हायवेवरच्या जामच्या चौकापासून थोडं आत. घरची वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर – बाजारात न्यायचं आणि विकायचं, एवढंच आमच्या घराला ठाऊक. पण मी नोकरीपायी काही वर्षं रत्नागिरीला होतो, आणि तिथल्या सोबत्यांनी मला तळाच्या मासेमारीचा नाद लावला. होडी खोल पाण्यात न्यायची, नांगर टाकायचा, गळाला शिसं बांधून तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, थेट तळापर्यंत सोडायचा. मग वाट पाहायची. खाली खडकात मासा लागला की तो वर आणायचा – आणि तिथे सगळी मदार रीलवर. नोकरी सुटली, मी वर्ध्याला परत आलो, तरी दर हिवाळ्यात रत्नागिरीला जायचं सोडलं नाही.

माझ्याकडे दोन रीली होत्या. एक जुनी, रंग उडालेली. तिची मूठ फिरवली की तंगूस हळूहळू गुंडाळला जायचा, पण कितीही वजन असो, हाताला जड जायचं नाही. ती माझी आवडती. दुसरी नवी, चकचकीत, भरभर गुंडाळणारी. मात्र मोठा मासा लागला की तिची मूठ फिरवताना दंड भरून यायचे. आणि तिचा ब्रेक – मासा जोरात ओढतो तेव्हा तंगूस थोडा सैल सोडणारा भाग – तो एकदा अडकला होता. आदल्याच हिवाळ्यात. हे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी ते लपवलं आहे.

दादा माझ्याहून बराच मोठा. वडिलांमागे शेत त्यानेच सांभाळलं, मला शिकवलंही त्यानेच. त्याला लकवा मारला तेव्हा उजवी बाजू गेली. पाय सुधारला, हात मात्र मागे राहिला. पण दादा हटणारा नव्हता. अंगणात बसून रबरी चेंडू दाबायचा, मेथीच्या जुड्या त्याच हाताने बांधायचा. सुटल्या तर पुन्हा बांधायचा. डॉक्टर म्हणायचे, हात वापरत राहा, येईल. आणि तो येत होता – खरंच येत होता.

त्या हिवाळ्यात दादाच म्हणाला, मलेही ने समुद्रावर. या हातानं एक मासा ओढून पाहतो. वहिनीने डोळे मोठे केले, पण तिलाही बरं वाटलं असावं. आजारपणानंतर त्याने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही रीली खाटेवर ठेवल्या. दादाने एकेक उचलली, उजव्या हाताने मूठ फिरवून पाहिली. मग जुनी रील मांडीवर घेऊन बसला.

"हे मले बरी वाटते. हातात बसते."

त्याने बरोबर निवडली होती. त्याच्या हाताला तीच हवी होती, हे माझ्याइतकं कोणाला कळत होतं? आणि मी काय केलं – ती त्याच्या मांडीवरून उचलली.

"ते जुनी झाली, दादा. तू नवी घे."

तो खूश झाला. लहान भाऊ आपल्याला चांगली वस्तू देतो आहे, असं वाटलं त्याला.

काऊन केलं मी असं? स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर साधं आहे आणि लाजिरवाणं आहे. सोबत्यांमध्ये माझा मासा मोठा निघावा, एवढंच. दादाला काय, एखादी लहान मासळी लागेल, त्यातच त्याचं समाधान होईल – असं मी धरून चाललो होतो.

समुद्र शांत होता. दादा होडीच्या कडेला बसून इतका वेळ पाण्याकडेच पाहत होता, की सोबती त्याची थट्टा करायचंही विसरले. मला एक तांबोशी लागली, मग दुसरी. दादाचा गळ तसाच. आणि मग त्याचा रॉड एकदम वाकला. खाली हेकरू असावा – खडकातला जाडजूड मासा, लागला की खडकाकडे पळणारा. दादाने मूठ धरली. ती फिरेना. मासा ओढत होता आणि ब्रेक तंगूस सोडत नव्हता. अडकला होता. मला बसल्या जागेवरून दिसत होतं. "दादा, ब्रेक अडकला," एवढे तीन शब्द होते. माझी रील त्याच्या हातात तेव्हा देता आली नसती, पण त्याआधी तासभर तो रिकामा बसला होता, तेव्हा देता आली असती. मी गप्प राहिलो. का, तर सगळ्यांपुढे मग विचारलं गेलं असतं – माहीत होतं, तर दिलीस कशाला?

त्याची बोटं मुठीवरून घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. तंगूस तुटला. कोणीतरी म्हणालं, जाऊ द्या काका, हात अजून कच्चा आहे. दादा हसला. नंतर परत येईपर्यंत त्याने उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

परतताना जामच्या चौकात आम्ही गावच्या ऑटोची वाट पाहत चहा घेत होतो. दादाने कप डाव्या हातात धरला होता. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला,

"रील तं बराबर होती ना रे, दिनू?"

हीच ती वेळ. रस्त्यावरून ट्रक जात होते, आसपास ओळखीचं कोणी नव्हतं, लाज वाटायलाही दुसरं माणूस नव्हतं.

"एकदम बराबर होती, दादा."

"मंग माहा हातच कामातून गेला."

मी चहा पीत राहिलो.

वर्ध्याला घरी येऊन रील उघडली. आत मिठाने गंज धरला होता. पुसली, तेल दिलं, ब्रेक मोकळा झाला. हे मी खोलीचं दार लावून केलं. दादाने मात्र चेंडू सोडला. मेथीच्या जुड्या वहिनी बांधू लागली. मी गावी गेलो की म्हणायचो, दादा, व्यायाम करत जा. तो म्हणायचा, करून पाह्यला ना. बोटं हळूहळू आत वळली ती वळलीच. शर्टाची बटणं वहिनी लावायची, आणि तेव्हा तो दुसरीकडे पाहायचा. इतक्या वर्षांत तो 'बराबर' शब्द मला कितीदा मागे घेता आला असता? प्रत्येक भेटीत. प्रत्येक भेटीत मी निघून आलो.

मागच्या उन्हाळ्यात दादा गेला. दुसरा झटका आला, आणि सकाळच्या सकाळी संपलं सगळं. तेरवीला माणसं जेवून गेल्यावर वहिनी माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली,

"तुमी नेलं म्हणून त्याईनं समुद्र पाह्यला, भाऊजी. लय केलं तुमी त्याईच्यासाठी."

घरचे सगळे ऐकत होते. मी मान खाली घातली, आणि ते माझ्या नावावर राहू दिलं.