काकांनी लावलेला सावा

आमच्या काकूच्या तोंडी लागायची कोणाची टाप नाही. भाताच्या खाचरांत तण काढायला बायांची रांग उतरली की पहिली काकू. तिच्या चालीवर बाकीच्यांची चाल. कोण मागे राहिली, कोण नुसत्याच गप्पा हाणतेय, हे तिला मान न वळवता कळतं. मग जे ऐकावं लागतं ते घरी सांगण्यासारखं नसतं.

काका शिंपी. चिखलाचं नाव काढलं तरी पँट वर धरणारा माणूस! पण यंदा काकूला सुईत दोरा ओवता येईना. पुन्हा पुन्हा सुईचं भोक चुकवून हवेतच ओवत होती. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना काकूची आई आठवली. ती म्हातारपणी आंधळी झाली होती.

तेव्हापासून ते दुपारी दुकान बंद करून आमच्या खाचरावर यायला लागले. मदतीला, म्हणे. बायांनी एकमेकींना कोपरं मारली. काकू वाकून रोपं उपटायची आणि बांधावर फेकायची. काकांनी त्यातलं एक उचलून निरखलं. हिरवंगार, ताठ, हुबेहूब भात. दुसरंही तसंच. झालं! बायकोचे डोळे गेले आणि ती आपल्याच हाताने आपलं पीक उपटतेय, असं या भल्या माणसाने ठरवूनच टाकलं. चारचौघींत तिचं हसं नको म्हणून, बाया जेवायला बसल्या की ते ती रोपं गुपचूप परत लावायचे. शिंप्याचाच हात तो, ओळ कशी शिवणीसारखी सरळ.

मग एका संध्याकाळी त्यांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तुला दिसत नाही, तू भात उपटतेस, मी स्वतः पाहिलंय. काकू आधी भडकली. सुईचा विषय निघाला तसं तिलाही ते खरं वाटलं. बायांना तिने गुडघा दुखतो म्हणून कळवलं, आणि रांगेचं टोक सुताराच्या बायकोकडे गेलं.

ते दिवस आठवले तरी माझं डोकं फिरतं. काकू दारात नुसती बसून राहायची. तांदूळ निवडायलासुद्धा मला हाक. एवढी बोलभांड बाई, पण आठवडाभर कोणाचा उद्धार केला नाही तिने. घर खायला उठायचं अगदी.

भात पोटरीत आलं, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या, तेव्हा सुताराची बायको घरी आली. बसलीही नाही. तुमच्या खाचरावर चला, एवढंच म्हणाली. आम्ही गेलो, काकाही आले. बाया बांधावर जमल्याच होत्या. भाताच्या डोक्यावरून तुऱ्यांची एक सरळ ओळ डुलत होती. सावा! लहानपणी भातासारखा दिसणारा आणि भाताआधी तुरे काढून मोकळा होणारा मेला सावा. आपणहून उगवलेलं तण असं रांगेत उभं राहत नाही. बायांनी ओळीकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी जीभ चावली.

काकू पाण्यात उतरली. पातं खोडाला जोडलेलं असतं तिथे तिने बोट फिरवलं. भाताला त्या जागी बारीक लव लागते, सावा गुळगुळीत. ती डोळ्यांनी तण काढतच नव्हती, मुळात कधीच नाही. तिची बोटंच ते काम करायची. चिखलाचे हात तसेच धरून ती रडायला लागली. बायांपैकी कोणी हसलं नाही. सुताराची बायको आपणहून मागे सरकली आणि तिने काकूची जागा मोकळी केली.

"तू आंधळी होशील म्हणून घाबरलो गं," काका बांधावरून म्हणाले.

"मग मला विचारायचं होतं." काकूने नाक पुसलं. "माझे हात खरं सांगत होते. मी त्यांचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं."

काका चपला काढून चिखलात उतरले. पहिल्या रोपाला हात घातला आणि तसेच थांबले.

"हे काढू का?" त्यांनी तिला विचारलं.